कविता, कट्टा आणि कॉन्टॅक्ट्स

दिवसा एक्सेल शीट आणि रात्री ओपन माइक! स्टेजवर कविता सादर करणाऱ्या नव्या पिढीला काम मिळतं कुठून? आणि त्यांची कविता चांगली होते कशी? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच, नेटवर्किंग. फक्त इथला नेटवर्किंगचा फंडा आपल्या ऑफिसपेक्षा जरा हटके आहे.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसांमधून बाहेर पडणाऱ्या गर्दीत हल्ली एक जमात हमखास सापडते. पाठीवर लॅपटॉपची सॅक, गळ्यात काढायचं राहून गेलेलं आयकार्ड आणि मोबाइलच्या नोट्समध्ये एक कविता. ही मंडळी थेट घरी जात नाहीत. एखाद्या कॅफेत, स्टुडिओत नाहीतर वाचनालयाच्या हॉलमध्ये जमतात. तिथे एक माइक असतो, तीस-चाळीस खुर्च्या असतात आणि दाराशी नावांची यादी. प्रत्येकाला पाच मिनिटं. कुणी ब्रेकअपवर बोलतं, कुणी बाबांच्या रिटायरमेंटवर, कुणी भाड्याचं घर शोधताना विचारल्या जाणाऱ्या आडनावावर. ओळ आवडली की कविता सुरू असतानाच चुटक्या वाजतात.

आता जरा मागच्या रांगेकडे बघा. ज्यांची कविता सादर करून झाली, त्यातले काही जण हळूच सॅक उचलतात आणि सटकतात. लोकल पकडायची असते, सकाळी कॉल असतो, कारणं सगळी खरी. पण यादीत ज्यांचं नाव शेवटी असतं त्यांच्या वाट्याला निम्म्या रिकाम्या खुर्च्या येतात. आणि जे उरतात, शेवटच्या कवीपर्यंत बसून ऐकतात, नंतर खुर्च्या उचलायला मदत करतात आणि बाहेर टपरीवर कटिंग घेत 'तुझी ती तिसरी ओळ...' असं म्हणतात, त्यांची नावं काही महिन्यांनी पोस्टरवर दिसायला लागतात.

योगायोग? अजिबात नाही. परफॉर्मन्स पोएट्रीच्या दुनियेतला पहिला आणि शेवटचा नियम हाच आहे, की जो थांबतो तो पुढे जातो.

आपल्या कॉर्पोरेट डिक्शनरीत नेटवर्किंग म्हणजे काय? कॉन्फरन्समध्ये कार्ड द्यायचं, 'लेट्स कनेक्ट' म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी रिक्वेस्ट पाठवायची. कवितेच्या बाबतीत हा प्रकार चालत नाही, कारण इथे समोरच्याला तुमचं डेझिग्नेशन नको असतं. तुम्ही त्याची कविता ऐकली का, एवढंच त्याला हवं असतं. थोडक्यात काय, इथलं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे तुमचे कान!

एका रविवारची गोष्ट

ज्याला आज सगळं जग 'पोएट्री स्लॅम' म्हणून ओळखतं, त्याचा जन्मच मुळी श्रोत्यांना भाव देण्यातून झाला. अमेरिकेतल्या शिकागो शहरात मार्क स्मिथ नावाचा एक कवी होता. पोटापाण्यासाठी बांधकामावर काम करायचा. प्राध्यापक मंडळींची पुटपुटत केलेली काव्यवाचनं त्याला जाम कंटाळवाणी वाटायची. म्हणून १९८४ साली त्यानं एका बारमध्ये ओपन माइक सुरू केला आणि १९८६ च्या जुलैमध्ये 'ग्रीन मिल' या जुन्या जॅझ क्लबमध्ये दर रविवारचा कार्यक्रम. शेवटच्या सेटसाठी मजकूर कमी पडत होता, म्हणून भरीला एक स्पर्धा ठेवली. परीक्षक कोण? समोर बसलेले प्रेक्षक!

पुढे नियम ठरत गेले. प्रेक्षकांतून पाच जण निवडायचे. त्यांना साहित्यातलं कळलंच पाहिजे असं काही नाही. त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाद, मधल्या तिघांची बेरीज. कविता स्वतःची हवी, वेळ तीन मिनिटं, सोबत वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात कसली वस्तू नाही. कवी आणि त्याचा आवाज, बस्स.

१९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली राष्ट्रीय स्लॅम स्पर्धा झाली आणि मग हे वेड शहराशहरांत पसरलं. पण या स्पर्धेची खरी गंमत गुणांमध्ये नव्हती. राष्ट्रीय स्लॅम टीमची असते. चार-पाच कवी एका शहराचे म्हणून जातात. एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक महिनोन् महिने एकमेकांच्या कविता पाठ करतात, कापतात, दोघा-तिघांनी मिळून सादर करायच्या कविता बसवतात. बाहेरगावी गेलं की दुसऱ्या शहरातला कवी आपल्या घरी झोपायला जागा देतो आणि आपल्या माइकवर वेळही. राष्ट्रीय स्पर्धा चालवणारी संस्था २०१८ मध्ये बंद पडली, तरी गावोगावचे स्लॅम चालूच राहिले. कारण ते स्पर्धेवर उभे नव्हते, ओळखींवर उभे होते.

न्यूयॉर्कची गोष्टही अशीच. तिथला प्रसिद्ध 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' १९७३ मध्ये सुरू झाला तो कॅफे म्हणून नव्हे. मिगेल अल्गारीन या कवी-प्राध्यापकाच्या घरच्या दिवाणखान्यात पोर्तो रिकोतून आलेल्या कुटुंबांतले लेखक-कवी जमायचे. घर पुरेनासं झालं तेव्हा जागा शोधली. आधी माणसं, मग स्टेज. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आपल्याकडे? मुर्गी क्लब!

'हे सगळं अमेरिकन फॅड आहे' असं तुमचे काका म्हणत असतील तर त्यांना विंदा, बापट आणि पाडगावकरांची आठवण करून द्या. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक, वसंत बापटही प्राध्यापक आणि मंगेश पाडगावकर अमेरिकेच्या माहिती खात्याच्या मुंबईतल्या कार्यालयात संपादक. तिघेही पक्के नोकरदार, आपल्यासारखेच! तरीही या तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र फिरून गावोगावी कविता ऐकवल्या, तिकीट काढून आलेल्या लोकांना ऐकवल्या. तिघांची शैली वेगळी, विचारांची जातकुळी वेगळी, पण स्टेज एक.

याच मंडळींचा एक अड्डा होता. त्याचं नाव होतं 'मुर्गी क्लब'. करंदीकर, बापट, पाडगावकर, गंगाधर गाडगीळ, सदानंद रेगे आणि प्रकाशक-संपादक श्री. पु. भागवत अशी सगळी मंडळी महिन्यातून एकदा भेटायची, एकत्र जेवायची, शब्दांच्या कोट्या करायची, एकमेकांची टोपी उडवायची. यादी परत एकदा वाचा. त्यात कवी आहेत, कथाकार आहे आणि संपादकही आहे. आजच्या भाषेत याला 'क्रॉस-फंक्शनल टीम' म्हणतात. त्या काळी याला जेवण म्हणायचे.

मराठीत अशी जाळी किती विणली गेली, मोजायला बसलात तर रात्र पुरणार नाही. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तीन शाहिरांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' काढलं आणि गिरणगावातल्या चाळींपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत डफ वाजवला. १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं, कारण प्रस्थापित मासिकांच्या दारात रांग लावायची त्यांची तयारी नव्हती. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा त्याला प्रस्तावना होती विजय तेंडुलकरांची. कामाठीपुऱ्याची भाषा ज्यांना परकी होती अशा वाचकांपर्यंत ते पुस्तक नेण्यात या प्रस्तावनेचाही वाटा होता.

आणि सुरेश भट! ना व्हॉट्सअॅप, ना ईमेल. तरी मराठी गझल लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली, पत्रांतून शिकवलं, चुका दाखवल्या. गावोगावची कितीतरी पोरं गझल शिकली ती पोस्टमनच्या भरवशावर. एका मोठ्या कवीनं आपलं नेटवर्क खालच्या पायरीवरच्यांसाठी उघडलं की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

ऐकणारे भेटले की कविता बदलते

आता मुद्द्याचं बोलू. या ओळखीपाळखींनी कविता चांगली कशी होते?

समजा, तुम्ही आईच्या डब्यावर एक कविता लिहिली आहे. कागदावर चोवीस ओळी. सुरुवातीच्या आठ ओळींत पहाटेचं वर्णन, मग कुकर, मग पोळ्या, मग रिकामा डबा घरी परत येतो तो प्रसंग. तुम्हाला ती पूर्ण वाटते. घरच्यांनी वाचली, त्यांनाही आवडली (घरच्यांना सगळंच आवडतं). मग तुम्ही ती माइकवर म्हणता. पहिल्या आठ ओळींत लोक ड्रिंक मागवतात, मोबाइल बघतात. कुकरच्या शिट्टीपाशी चार माना वर होतात. रिकाम्या डब्यापाशी हॉल गप्प.

कागदानं तुम्हाला हे कधीच सांगितलं नसतं. हे कळायला समोर अनोळखी माणसं लागतात. पण का झालं आणि आता काय करायचं, हे सांगायला ओळखीची माणसं लागतात. शो संपल्यावर एखादी मैत्रीण म्हणते, 'शिट्टीपासूनच सुरू कर ना.' दुसरा म्हणतो, 'डबा उघडतोस तिथे थांब जरा, आम्हाला बघू तर दे.' तिसरी, जी थिएटर करते, ती दाखवते की माइक तोंडापासून मूठभर लांब धरला की श्वासाचा फटका बसत नाही आणि आवाज न चढवताही राग पोचवता येतो. पुढच्या महिन्यात तीच कविता चौदा ओळींची होते. लिहिली तुम्हीच, पण घडवली चार जणांनी.

म्हणूनच जाणत्या गटांमध्ये ओपन माइकइतकंच वर्कशॉपला महत्त्व असतं. 'एअरप्लेन पोएट्री मूव्हमेंट'सारख्या गटांनी आपल्याकडे स्लॅमसोबत लिहिण्याच्या कार्यशाळा घेतल्या त्या याच कारणासाठी. पाच-सहा जण गोल करून बसतात. कवी कविता म्हणतो आणि मग गप्प बसतो. बाकीचे आधी सांगतात की त्यांनी काय ऐकलं. कवीला काय म्हणायचं होतं आणि लोकांना काय ऐकू आलं, यातलं अंतर तिथे उघडं पडतं. सुरुवातीला जाम त्रास होतो. अप्रेझल मीटिंगसारखाच, फक्त इथे रेटिंगच्या आधी चहा मिळतो.

दुसरा फायदा भाषेचा. आपल्या शहरांत कवितेचीही दोन गावं आहेत. वांद्रे-खारच्या कॅफेत इंग्रजी आणि हिंदी, तर दादर, ठाणे, डोंबिवली, पुण्याच्या कट्ट्यांवर मराठी. या गावातला त्या गावात फारसा जात नाही. जो जातो, त्याची मात्र चांदी! कॅफेतल्या पोराला मराठी कट्ट्यावर छंद, वृत्त आणि पाठांतर म्हणजे काय ते कळतं. कट्ट्यावरच्या पोरीला कॅफेत कळतं की पाच मिनिटांच्या शिस्तीत गोष्ट कशी बसवायची आणि 'मी' हा शब्द न लाजता कसा वापरायचा. 'स्वदेशी' या मुंबईच्या हिप-हॉप मंडळींकडे बघा. मराठी, हिंदी, गुजराती अशा वेगवेगळ्या भाषांत रॅप करणारे लोक एका गटात आले. त्यांच्या २०१९ च्या 'द वारली रिव्होल्ट' या गाण्यात आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर त्यांच्यासोबत उभे राहिले. एका भाषेत, एका वस्तीत बसून हे गाणं झालं नसतं.

फोन कुठून येतो?

आता संधींकडे. 'टॅलेंट असेल तर संधी चालून येते' हे वाक्य मोटिवेशनल पोस्टरवर छान दिसतं. प्रत्यक्षात संधी चालत येत नाही, ती कुणाच्या तरी तोंडून येते. आयोजकाचा एक कवी आयत्या वेळी आजारी पडतो. तो ग्रुपवर विचारतो, 'कोण आहे उद्या मोकळं?' तेव्हा ज्याचं नाव तीन जण सुचवतात, त्याला स्टेज मिळतं. पहिलं निमंत्रण बहुतेक वेळा असंच, कुणाच्या तरी रिकाम्या जागेवर येतं. त्यामुळे वेळेवर येणारा, दिलेल्या वेळेत संपवणारा आणि दुसऱ्यांचं ऐकणारा अशी ख्याती असणं, हे निम्मं काम.

पुढची शिडी साधारण अशी. आधी यादीतले पाच मिनिटांचे स्लॉट, मग 'फीचर' म्हणून पंधरा-वीस मिनिटं, मग सूत्रसंचालन, मग कॉलेजांमधल्या कार्यशाळा, फेस्टिव्हल, कंपन्यांचे कार्यक्रम, जाहिरातीची कॉपी, व्हॉइसओव्हर, गाण्याचे शब्द. यातली बरीच कामं जाहिरातीत येतच नाहीत. 'तू लिहितोस ना?' एवढ्यावर येतात.

उदाहरणं हवीत? २०१७ मध्ये मुंबईत सिमर सिंग या विशीही न गाठलेल्या मुलानं 'अनइरेज पोएट्री' सुरू केलं. त्याच वर्षी अरण्या जोहर या जवळपास त्याच्याच वयाच्या मुलीची त्यांच्या मंचावरची कविता इंटरनेटवर जगभर पोचली. मुलींवर घातल्या जाणाऱ्या बंधनांबद्दलची ती कविता लिहिली तिनं एकटीनं. पण माइक, कॅमेरा, एडिटिंग आणि शेअर करणारे पहिले शंभर लोक, हे सगळं एका छोट्या वर्तुळानं पुरवलं. त्याच २०१७ साली 'कम्यून'नं 'स्पोकन' हा महोत्सव सुरू केला आणि कॅफेतली कविता मैदानावर आली.

मराठीत तर अख्खी पिढी ज्यावर वाढली ते 'आयुष्यावर बोलू काही' घ्या. संदीप खरे कवी, शिक्षणानं इंजिनीअर. सलील कुलकर्णी संगीतकार, शिक्षणानं डॉक्टर. २००३ मध्ये दोघांनी एकत्र कार्यक्रम सुरू केला आणि पुढे हजार प्रयोगांचा टप्पा ओलांडला. कवीला आपल्या कवितेत नसलेली गोष्ट दुसऱ्या माणसात सापडणं, नेटवर्किंगची याहून सोपी व्याख्या नाही.

शाहीर संभाजी भगत यांचं काम बघा. २०१२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' या नाटकाची कल्पना त्यांची, लेखन जालन्याचे राजकुमार तांगडे यांचं आणि दिग्दर्शन नंदू माधव यांचं. २०१४ च्या 'कोर्ट' चित्रपटातली गाणीही भगत यांचीच. डफावरची कविता चळवळीतून नाटकात आणि नाटकातून सिनेमापर्यंत कशी जाते, याचा हा नकाशाच.

सावधान, पुढे कंपू आहे!

हे सगळं वाचून नेटवर्किंग म्हणजे फुल टू धमाल असं वाटत असेल, तर जरा ब्रेक मारा. या जाळ्याला गाठीही आहेत.

पहिली गाठ कौतुकाची. दर आठवड्याला तेच तीस लोक एकमेकांना भेटायला लागले की सगळ्यालाच चुटक्या वाजतात. मग कविता सारख्या दिसायला लागतात. तोच सूर, तोच आवंढा, शेवटच्या ओळीआधी तोच पॉज. वर्तुळाचा कंपू झाला की कविता तिथेच थांबते. उपाय एकच, अधूनमधून जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन कविता म्हणा. साहित्य संमेलनातला कविकट्टा यासाठी मस्त जागा आहे. तिथले श्रोते तुमचे फॉलोअर नसतात. कंटाळले की सरळ उठून पुस्तकांच्या स्टॉलकडे जातात!

दुसरी गाठ पैशांची. 'एक्स्पोजर मिळेल' हे वाक्य ऐकलंय ना? पहिल्या काही शोंसाठी ठीक आहे. पण जिथे तिकीट लागतं, स्पॉन्सर असतो, बारचं बिल फाडलं जातं, तिथे माइकवरच्या माणसाला निदान प्रवासखर्च मिळाला पाहिजे. एकट्यानं मागितलं की तुम्ही 'अॅटिट्यूडवाले' ठरता. दहा जणांनी एकमेकांना विचारून एकच आकडा सांगितला की तो रेट होतो. हेही नेटवर्किंगच.

तिसरी गाठ हक्कांची. तुमची कविता लिहिली गेली त्या क्षणी तिचा कॉपीराइट तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा असं सांगतो की हे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून शोच्या आधी 'फॉर्मवर सही कर रे पटकन' असं कुणी म्हणालं तर पटकन करू नका. व्हिडिओ कुठे टाकणार, किती काळ, त्यातून पैसे आले तर कुणाचे आणि हीच कविता मी दुसरीकडे म्हणू शकतो का, एवढे चार प्रश्न विचारा. दिवसभर व्हेंडर काँट्रॅक्ट वाचणाऱ्यांना हे काय अवघड आहे?

चौथी गाठ सगळ्यात अवघड, ती म्हणजे सुरक्षिततेची. रात्रीचे कार्यक्रम, अनौपचारिक वातावरण आणि 'सीनियर' म्हणून मिरवणाऱ्यांच्या हातात संधी. २०१८ मध्ये मीटूच्या लाटेत आपल्याकडच्या कॉमेडी आणि कलाक्षेत्रातल्या अशा बऱ्याच गोष्टी बाहेर आल्या. ज्या गटात नव्या मुलीला पहिल्याच दिवशी 'काही खटकलं तर हिला फोन कर' असं सांगणारं कुणी असतं, तो गट निवडा. नसेल तर ती व्यक्ती तुम्ही व्हा.

आणि पाचवी, जागांची. कवितेला परवडणाऱ्या जागा आधीच कमी, त्यात त्या कधी बंद होतील नेम नाही. मार्च २०२५ मध्ये खारच्या 'द हॅबिटॅट'मध्ये एका कॉमेडी व्हिडिओवरून तोडफोड झाली आणि त्यांनी स्टेज बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं. ते स्टेज फक्त कॉमेडीचं नव्हतं. कितीतरी जणांनी पहिली कविता तिथे म्हटली होती. अशा वेळी ज्यांच्याकडे फक्त जागेचा पत्ता असतो ते घरी बसतात. ज्यांच्याकडे माणसं असतात ते कुणाच्या तरी गच्चीत, बागेत, हॉलमध्ये भेटतात. तो न्यूयॉर्कचा दिवाणखाना आठवतोय ना?

ट्राय करून बघा! नोकरदार कवींसाठी सात फंडे

१. पहिले दोन ओपन माइक नुसते ऐकायला जा. यादीत नाव घालू नका. कुठे कसली कविता चालते ते कळेल.

२. शेवटच्या कवीपर्यंत थांबा. शेवटच्या लोकलचं टेन्शन असेल तर आधीच होस्टला सांगून सुरुवातीचा स्लॉट घ्या, पण मग पुढच्या वेळी पूर्ण बसा.

३. दर शोनंतर एका तरी अनोळखी कवीला त्याची नेमकी ओळ सांगा. 'मस्त होतं' हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. 'पेन्शनच्या पासबुकवाली ओळ' लक्षात राहते.

४. तीन-चार जणांचा छोटा गट करा. महिन्यातून एक रविवार, एक घर, प्रत्येकी एक कच्ची कविता. जेवण कंपल्सरी (मुर्गी ऑप्शनल!).

५. कवितेबाहेरची एक तरी ओळख जोडा. तबला वाजवणारा, कॅमेरा धरणारी, नाटकात काम करणारा, शाळेत शिकवणारी. नव्या वाटा तिथून निघतात.

६. दोन मिनिटांचा एक स्वच्छ आवाजातला व्हिडिओ आणि चार ओळींची ओळख तयार ठेवा. कुणी मागितलं तर दहा मिनिटांत जायला हवं.

७. काम मिळालं आणि जमत नसेल तर दुसऱ्याचं नाव सुचवा. ते तुमच्या नावावर जमा होतं.

सातवा फंडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात बाकीचे सहा येतात. स्टेजवरची कविता हा एकट्याचा खेळ दिसतो. स्पॉटलाइटमध्ये एकच माणूस उभा असतो. पण त्या माणसाला कुणीतरी यादीत घेतलेलं असतं, कुणीतरी त्याच्या आठ ओळी कापलेल्या असतात, कुणीतरी आयोजकाला त्याचं नाव सुचवलेलं असतं आणि कुणीतरी मागच्या रांगेत लोकल सोडून बसलेलं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी 'मला संधी कोण देणार?' असं वाटलं, तर प्रश्न जरा उलटा करून बघा. या महिन्यात तुम्ही कुणाची कविता शेवटपर्यंत ऐकलीत?